निश्चला: ३१ प्रकाशवर्षांवरचा एक कल्पित ग्रह आणि तिथली जीवसृष्टी

मृगशीर्ष

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला एक ग्रह आज इथे मांडतो. ग्रह कल्पित, त्याचा तारा कल्पित, नावंही मीच ठेवलेली. पण एक अट पाळली आहे. ताऱ्याचं वस्तुमान, ग्रहाचं वस्तुमान आणि ग्रहावर पडणारी उष्णता एवढंच मी निवडलं; पुढे गणितातून जे निघालं ते तसंच ठेवलं. जिवांचा विचार सगळ्यात शेवटी. परग्रहावरचे जीव म्हटलं की आपण लगेच त्यांचे डोळे आणि हातपाय मोजायला बसतो, आणि त्यांचं पोट कशावर भरतं हा प्रश्न बाजूला राहतो. मला तो प्रश्न आधी हवा होता.

तारा: ताम्रक. लाल बटुतारा. वस्तुमान सूर्याच्या ०.३ पट, तेज सूर्याच्या जेमतेम एक टक्का, पृष्ठभागाचं तापमान ३३०० केल्विन (सूर्याचं ५७७२). आकाशगंगेतल्या चार ताऱ्यांपैकी साधारण तीन याच जातीचे असतात, आणि तरी नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही, इतके ते मंद. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा यातलाच. तो ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याच्याभोवती ११.२ दिवसांत फेरी मारणारा ग्रह २०१६ मध्ये सापडला. ट्रॅपिस्ट-१ या दुसऱ्या लाल बटूभोवती साधारण पृथ्वीएवढे सात ग्रह आहेत हे २०१७ मध्ये जाहीर झालं. जीवसृष्टी शोधायची तर ही जात टाळून चालणार नाही.

ग्रह: निश्चला. वस्तुमान पृथ्वीच्या १.६ पट, त्रिज्या १.१४ पट, त्यामुळे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जवळपास सव्वा पट. पृथ्वीला मिळते त्याच्या ९० टक्के उष्णता मिळायची, तर हा ग्रह ताऱ्यापासून ०.१०५ खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक) हवा, म्हणजे बुधापेक्षाही कितीतरी जवळ. वर्ष २२.८ दिवसांचं. तिथल्या आकाशात ताऱ्याची तबकडी आपल्या सूर्याच्या जवळपास तिप्पट रुंद दिसते.

एवढ्या जवळ असलेल्या ग्रहाचं परिवलन ताऱ्याच्या ओढीमुळे मंदावत जातं आणि शेवटी वर्षाच्या लयीत अडकतं. चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो, तशी निश्चला ताम्रकला एकच बाजू दाखवते. अर्धा गोल कायम उजेडात, अर्धा कायम अंधारात.

इथून पुढे मला हा ग्रह खरा आवडायला लागला. आपल्याकडे दुपार येते आणि जाते. निश्चलावर दुपार हा एक प्रदेश आहे. तिथे जावं लागतं. मध्यान्ह नावाचा भाग आहे, तिथे तारा डोक्यावर आणि त्याखाली कधीच न विरणारं ढगांचं छत. मग भोवती तिसरा प्रहर, तारा कलता. मग तिन्हीसांज, तारा क्षितिजावर. पलीकडे मध्यरात्र, जिथे बर्फाशिवाय काही नाही. पृथ्वीवरचा जीव वेळ बदलायची वाट बघतो: रात्र सरेल, पाऊस येईल, थंडी जाईल. निश्चलावर वाट बघून काही मिळत नाही. वेळ बदलायची तर जागा बदलायची. तिथल्या सगळ्या जिवांचा स्वभाव मी यावरून काढला आहे.

त्याचा पहिला परिणाम सावल्यांवर. तारा जागचा हलत नाही, म्हणून सावलीही हलत नाही. डोंगरामागची सावली ही तिथे नदी किंवा दरीसारखी कायमची जागा असते. ज्या बीजाचं नशीब सावलीत पडलं त्याला उद्या ऊन मिळेल ही आशा नाही. शेजारचं झाड उंच झालं की मागचं झाड मेलं किंवा सरपटत बाहेर आलं, तिसरा मार्ग नाही. म्हणून तिसऱ्या प्रहरातली झाडं माझ्या कल्पनेत दोन प्रकारची आहेत. एक, भिंतीसारखी उभी, ताऱ्याकडे तोंड करून. त्यांना मी 'पडदी' म्हणतो. दुसरी, जमिनीलगत रांगणारी, दर पिढीत थोडी थोडी उजेडाकडे सरकणारी.

त्याच सावल्यांना दुसराही उपयोग आहे. लाल बटुतारे तरुणपणी फार भडकतात आणि म्हातारपणीही पूर्ण शांत होत नाहीत. अचानक भडका उडतो आणि अतिनील किरणांचा मारा सुरू होतो. ताम्रकचा प्रकाश निश्चलावर ५२ सेकंदांत पोचतो, पण त्याचा इशारा म्हणून उपयोग नाही. भडका दिसला तेव्हा अतिनील किरणही पोचलेच. उघड्यावरचा प्राणी त्या क्षणी एकच करू शकतो, जवळच्या सावलीत शिरू शकतो. आणि सगळे सावलीतच येणार हे ठाऊक असलेला शिकारी तिथे आधीच दबा धरून बसलेला असतो. त्याला नाव दिलं 'दबा'. तो मुळीच पळत नाही. थंड, मंद, महिनोन्महिने उपाशी राहू शकणारा, आणि एका भडक्यावर पुढच्या भडक्यापर्यंत भागवणारा.

आता सर्वांत महत्त्वाचं. कक्षा पूर्ण वर्तुळ नाही. विकेंद्रता, म्हणजे कक्षेचा लांबटपणा, ०.०३ धरली आहे (पूर्ण वर्तुळाची शून्य). अशा कक्षेत ग्रह कधी जरा वेगाने धावतो, कधी जरा हळू, पण स्वतःभोवती मात्र एकाच गतीने फिरतो. त्यामुळे ताऱ्याची जागा आकाशात पुढेमागे डोलते. चंद्राच्या अशाच डोलण्यामुळे आपल्याला त्याचा निम्मा नव्हे, तर ५९ टक्के भाग आळीपाळीने दिसतो. निश्चलावर हे डोलणं दोन्ही बाजूंना ३.४ अंश येतं. भर दुपारच्या प्रदेशात त्याने फरक पडत नाही. पण तिन्हीसांजेच्या प्रदेशात तारा २२.८ दिवसांत एकदा उगवतो आणि एकदा मावळतो. संपूर्ण ग्रहावर दिवस-रात्र असलेली एवढीच जागा.

या पट्ट्याचा आकार नेमका कसा येतो, हे कुणी काढून दाखवाल का? बाकी प्रश्न, शंका, सगळं येऊ द्या.

गणिती मुंगी

धागा फार आवडला. आकार काढला.

निश्चलाची त्रिज्या साधारण ७२६० किलोमीटर, म्हणजे विषुववृत्तावर एक अंश १२७ किलोमीटरचा. ३.४ अंश दोन्ही बाजूंना, म्हणजे तिथे पट्टा सुमारे ८७० किलोमीटर रुंद. पण डोलणं हे ग्रहाच्या आसाभोवती आहे, त्यामुळे ध्रुवांकडे जाताना ही रुंदी कमी होत होत ध्रुवावर शून्य होते. सलग कडं तयारच होत नाही. संत्र्याच्या दोन फोडी समोरासमोर ठेवाव्यात तसे दोन प्रदेश मिळतात, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, फक्त ध्रुवांच्या टोकांशी एकमेकांना टेकलेले.

आणि उजेडाची कडा किती वेगाने सरकते तेही काढलं. विषुववृत्तावर, पट्ट्याच्या मधोमध, ती दिवसाला जवळपास १२० किलोमीटर जाते. म्हणजे ताशी ५ किलोमीटर! माणसाच्या चालण्याचा वेग. टोकाकडे जाताना कडा हळू होते, थांबते आणि उलटी फिरते. संबंध पल्ल्याची सरासरी ताशी सव्वातीन किलोमीटरच्या आत.

तबकडी एवढी मोठी आणि गती एवढी सावकाश, की ताऱ्याची वरची कोर दिसल्यापासून पूर्ण बिंब वर यायला दीड दिवसाहून जास्त वेळ लागतो.

मृगशीर्ष

मुंगी, मनापासून आभार. चालण्याचा वेग! या एका आकड्यावर मी आख्खा प्राणी उभा करतो.

'पांथी'. सव्वापट गुरुत्वात शोभेल असा, बुटका, रुंद, सहा पायांचा. कळपाने राहतो आणि उजेडाच्या कडेबरोबर चालतो. कारण असं: फोडीतल्या पडद्या अंधाराच्या अकरा दिवसांत सगळा रस मुळांत ओढून घेतात. पहिली कोर दिसली की कोंब फुटतो. कोवळा कोंब गोड असतो. पण भडक्यांपासून बचाव म्हणून झाडं त्यात लगेच कडू रंगद्रव्य भरू लागतात आणि दोनेक दिवसांत तो खाण्यालायक राहत नाही. त्यामुळे चांगलं अन्न म्हणजे उजेडाच्या कडेमागची एक बारीक रेघ, आणि ती रेघ ताशी पाच किलोमीटरने पुढे चालली आहे. कळप त्या रेघेवर. पृथ्वीवर स्थलांतर करणारे हंस आणि हरणं कोवळ्या गवताच्या लाटेमागून अशीच सरकतात, फक्त त्यांची लाट ऋतूची असते.

जवळून बघायचं तर: कळप पोचतो तेव्हा जमिनीवर अजून दहिवराचा थर. तांबड्या उजेडात पडद्यांच्या उभ्या कडा ओळीने ओल्या दिसतात. पुढचे पांथी फक्त टोकं खुडतात, मागचे बुंध्याजवळचे उशिरा फुटलेले कोंब, आणि सगळ्यात मागे पिल्लं, त्यांना मोठ्यांच्या सावलीत चालायची सवय असते, कारण भडका उडाला तर आईची सावली हीच सर्वांत जवळची. कळप थांबत नाही. झोप? डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतात. फ्रिगेटपक्षी उडता उडता झोप घेतात हे २०१६ मध्ये त्यांच्या मेंदूच्या नोंदी घेऊन सिद्ध झालं. पांथी चालता चालता झोपतो.

परतीच्या वाटेवर, कडा मागे हटताना, पडद्या शेंगा टाकतात. कळप त्या खात मागे येतो आणि बी वाटेवर पेरतो.

शेवाळं

माझा विषय वनस्पतींचा, म्हणून पानांबद्दल. पडदीचा रंग कोणता धरला आहे? कारण तिथला उजेड आपल्यासारखा नाही.

३३०० केल्विनच्या ताऱ्याचा सर्वाधिक प्रकाश ८८० नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे अवरक्त, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. आपल्या झाडांना चालणारा ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा घेतला, तर निश्चलावर पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी ऊर्जा हाती लागते. पण पानांनी आपला पल्ला १००० पर्यंत वाढवला तर ती तूट बहुतेक भरून निघते. हे अशक्य नाही. पृथ्वीवर काही नीलहरित जिवाणूंकडे ७०० च्या पलीकडचा प्रकाश वापरणारं हरितद्रव्य आहे, आणि एका जांभळ्या जिवाणूचं रंगद्रव्य तर १००० च्याही थोडं पुढचा प्रकाश शोषतं. तो जिवाणू मात्र पाणी फोडून ऑक्सिजन सोडत नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. अवरक्त प्रकाशाच्या एका कणात ऊर्जा कमी. आपली झाडं पाणी फोडायला प्रकाशाचे दोन टप्पे वापरतात आणि ऑक्सिजनच्या एका रेणूमागे किमान आठ प्रकाशकण खर्च करतात. तिथे तीन टप्पे लागतील, म्हणजे बारा कण. वाढ सावकाश.

एवढं सगळं शोषायचं तर पान आपल्या डोळ्यांना काळं दिसणार. हिरवा, लाल, काहीच परत जात नाही. त्यामुळे पडदी काळी धरावी असं मला वाटतं.

आणि समुद्राचा विचार केलात का? पाणी अवरक्त प्रकाश झपाट्याने पितं. ९७० नॅनोमीटरचा प्रकाश पाण्यात काही सेंटीमीटरांतच संपतो. खाली उरतो तो दृश्य प्रकाश. जीव जर पाण्यात सुरू झाला, आणि अतिनील माऱ्यापासून वाचायला पाणी ही उत्तम जागा आहे, तर तिथलं मूळ रंगद्रव्य आपल्यासारखंच दृश्य प्रकाशाचं असेल. जमिनीवर आल्यावर मग अवरक्ताकडे पल्ला वाढला. म्हणजे समुद्रातली वनस्पती एका प्रकारची आणि जमिनीवरची दुसऱ्या, आणि भरती-ओहोटीच्या काठावर दोन्ही यंत्रणा बाळगणारे मधले जीव.

मृगशीर्ष

पडदी काळी, ठरलं. आणि तुमच्या सावकाश वाढीवरून पांथींचे कळप विरळ करावे लागतील. कोंब मुळांतल्या साठ्यातून फुटतो म्हणून रेघ टिकते, पण तो साठा भरायला पुढचे सगळे उजेडाचे दिवस लागतात. एका वाटेवर दोन कळप चालणार नाहीत.

काठावरचे मधले जीव मला सुचलेच नसते. तिथे भरती कशी असेल?

खडककाम

भरतीचं नंतर. आधी दोन गोष्टी विचारतो, कारण यांच्याशिवाय ग्रहच उभा राहत नाही.

एक, ०.०३ विकेंद्रता टिकली कशी? इतक्या जवळच्या ग्रहाची कक्षा भरती-ओहोटीच्या घर्षणाने गोल होत जाते. डोलणं संपलं की फोडी संपल्या, पांथी संपले.

दोन, पाणी उरलं कसं? लाल बटू ताऱ्याला शांत तेजावर यायला कोट्यवधी वर्षं लागतात आणि त्या काळात तो पुढच्यापेक्षा कितीतरी प्रखर असतो. आज जो ग्रह सुखद अंतरावर दिसतो, तो तेव्हा भट्टीत होता. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या ग्रहाच्या उजेडाच्या बाजूचं तापमान मोजलं. ते सुमारे २३० अंश सेल्सिअस भरलं, आणि त्यावरून तिथे दाट वातावरण असण्याची शक्यता जवळपास संपली.

मृगशीर्ष

दोन्हींचं उत्तर मी एकाच ठिकाणी शोधलं आहे. निश्चलाला बाहेरच्या बाजूला एक भावंड आहे, 'ज्येष्ठा'. आकार पृथ्वीच्या दुप्पट, वर्ष ३४.२ दिवसांचं. निश्चलाच्या तीन फेऱ्या आणि ज्येष्ठाच्या दोन, असा मेळ. गुरूचे आयो, युरोपा आणि गॅनिमीड असेच मेळात आहेत, आणि त्यामुळेच आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही. ज्येष्ठा निश्चलाला ठराविक ठिकाणी ओढत राहते, म्हणून विकेंद्रता टिकते.

आणि असा मेळ सहसा जागच्या जागी जुळून येत नाही. ग्रह दूर जन्मले आणि वायूच्या चकतीतून एकत्र आत सरकले, तर तो सहज जुळतो. दूर जन्मले म्हणजे बर्फाच्या प्रदेशात जन्मले. निश्चला आत आली तेव्हा तिच्याकडे पृथ्वीच्या कितीतरी पट पाणी होतं. भट्टीच्या काळात तिने त्यातलं बहुतेक गमावलं आणि जे उरलं त्यात आजचे समुद्र आहेत. तारा मी ६ अब्ज वर्षांचा धरला आहे, सूर्याच्या ४.६ अब्जांपेक्षा जुना, म्हणजे भडकेही आता कमी झालेले.

खडककाम

हे पटलं. जो मेळ तारा डोलवतो तोच पाण्याचाही पुरावा, हे तर फारच आवडलं. त्यात भर: विकेंद्रता टिकली म्हणजे ग्रहाचं पोट सतत मळलं जातं आणि आत उष्णता निर्माण होते. आयोवर याच कारणाने सूर्यमालेतले सर्वाधिक जागते ज्वालामुखी आहेत. निश्चलावर तेवढं नाही, पण ६ अब्ज वर्षांच्या म्हाताऱ्या ग्रहाला ज्वालामुखी जिवंत ठेवायला पुरेसं. त्यातून कार्बन डायऑक्साइड वातावरणात परत येत राहील. पृथ्वीच्या दोन पट दाबाचं वातावरण धरलंत तर वारे उष्णता रात्रीकडे नेतील आणि अंधारातली हवा गोठून जमिनीवर पडणार नाही. हा धोका खरा नाही हे १९९७ मधल्या प्रारूपांनीच दाखवलं होतं: पुरेशी दाट हवा असेल तर रात्रीची बाजू वातावरण गिळत नाही.

भरतीबद्दल: तारा जागचा हलत नाही म्हणून आपल्यासारखी रोजची भरती नाही. पण डोलण्याबरोबर पाण्याचा फुगवटाही पुढेमागे सरकेल. २२.८ दिवसांत एकदा येणारी, सावकाश भरती. शेवाळं यांचे मधले जीव अकराएक दिवस पाण्याखाली, अकराएक दिवस उघडे.

झाडपाला

रात्रीच्या बाजूला तुम्ही 'बर्फाशिवाय काही नाही' म्हणालात, ते माझ्या मनाला लागलं. तिथे किती काय काय असू शकतं!

वरच्या थरातले वारे उजेडाकडून अंधाराकडे वाहतात. ते पडद्यांचे बीजकण, जिवाणू, धूळ घेऊन जातात आणि बर्फावर टाकतात. वर नवं बर्फ साठतं, खालचं हिमनदी होऊन हळूहळू तिन्हीसांजेकडे सरकतं. हजारो वर्षांनी ते उजेडाच्या कडेला येऊन वितळतं आणि आतले बीजकण पुन्हा जमिनीवर पडतात. सैबेरियात गोठलेल्या मातीत मिळालेल्या सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या फळांच्या पेशींपासून शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये फुलं येणारी झाडं वाढवली आहेत. निश्चलावर हे रोजचंच. हिमनदीच्या तोंडाशी आजच्या पडदीशेजारी तिची कैक हजार वर्षांपूर्वीची पूर्वज उगवते आणि दोघींत परागण होतं. नामशेष होणं हा शब्दच तिथे सैल पडतो. एखादी रोगराई सगळ्या पडद्या मारून गेली तरी बर्फ त्यांना परत आणून देईल, आणि बर्फ जुने रोगही परत आणील.

बर्फाखाली समुद्र असेल तर तळाशी गरम पाण्याचे झरे. पृथ्वीवर १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ असे झरे आणि त्यांच्यावर जगणारी वस्ती सापडली. ऊन नाही, अन्न रसायनांचं. आणि २००५ मध्ये पॅसिफिकच्या तळाशी अशाच एका झऱ्यावर हरित गंधक जिवाणू सापडला, जो झऱ्याच्या अंधुक औष्णिक उजेडावर प्रकाशसंश्लेषण करतो. सूर्याशिवाय प्रकाशसंश्लेषण! तर निश्चलाच्या मध्यरात्रीलाही आपली स्वतःची झाडं आहेत.

मृगशीर्ष

झाडपाला, तुमचं बर्फ मी या ग्रहाचं हृदय मानतो आता. एका ओळीत सांगायचं तर उजेड जगवतो आणि अंधार सांभाळतो. पांथी दर फेरीला हिमनदीच्या तोंडापर्यंत येऊन मागे फिरतात, तेव्हा त्यांच्या पोटातून जुनी बीजं आत उजेडाकडे जातील. त्यांच्या वाटा म्हणजे पुन्हा उगवणाऱ्या जुन्या जातींच्या वाटा.

आणि मुंगीने काढलेल्या दोन फोडींचं एक राहिलं. वरचे वारे पूर्वेकडे जोरात वाहतात असं प्रारूपं सांगतात. म्हणजे पूर्वेच्या फोडीला दुपारवरून आलेली ऊबदार, दमट हवा. पश्चिमेच्या फोडीला आख्खी रात्र ओलांडून आलेली कोरडी, कडक. दोन फोडी फक्त ध्रुवांवर जोडलेल्या, आणि तिथे दिवस-रात्र जवळपास नाहीच, म्हणून चालत्या कोंबांची रेघ नाही. पांथींना तिथून जाता येत नाही. पूर्वेचे पांथी आणि पश्चिमेचे पांथी केव्हाच वेगळे झाले. पश्चिमेचे केसाळ, कळप लहान, आणि दहिवर चाटून पाणी मिळवणारे.

नवखी वाचक

मी पहिल्यांदाच लिहिते आहे. गणित फारसं कळत नाही, पण एक विचारू का? तिथे विचार करणारा जीव असेल, तर त्याला तारे माहीत असतील का? उजेडात राहणाऱ्याला ते कधीच दिसणार नाहीत ना?

मृगशीर्ष

अवश्य विचारा, आणि पुन्हाही लिहा. हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात जवळचा आहे.

तिसऱ्या प्रहरात राहणाऱ्याने आकाशात ताम्रक सोडून काहीच पाहिलेलं नसेल. फोडीतल्यांना मात्र अकरा दिवसांच्या अंधारात तारे दिसतात. आणि मध्यरात्रीच्या प्रदेशात जो जाईल त्याला ज्येष्ठा दिसेल. ती बाहेरच्या कक्षेत आहे, म्हणून निश्चलाच्या सर्वांत जवळ येते तेव्हा ताऱ्याच्या बरोबर उलट बाजूला असते, अगदी मध्यरात्रीच्या डोक्यावर. ६८.४ दिवसांनी एकदा, म्हणजे निश्चलाच्या बरोबर तीन वर्षांनी, ती पूर्ण बिंबाने तळपते, आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून थोडी रुंद. दुपारच्या रहिवाशाला हे कधीच दिसत नाही.

म्हणजे ज्ञानही जागेवर अवलंबून. दुपारच्या लोकांकडे काळ मोजायला काहीच नाही. फोडीतल्यांकडे वर्ष आहे. रात्री जाऊन आलेल्यांकडे त्याहून मोठा हिशोब. आपल्यापेक्षा मोठं काही आहे हे कळायला त्यांना अंधारात उतरावं लागतं, थंडी सोसावी लागते. मला वाटतं, तिथला पहिला खगोलशास्त्रज्ञ हा पांथींच्या मागे चालत कडेपर्यंत गेलेला आणि कडा मागे फिरल्यावर तिथेच थांबून राहिलेला कुणीतरी असेल.

उत्तररात्र

यातलं इथून काय दिसेल? निरीक्षणाची बाजू मांडतो.

निश्चला ताम्रकला जो हेलकावा देते तो सेकंदाला ०.८ मीटर. आजची उत्तम उपकरणं एवढं पकडतात. तुलनेला, पृथ्वी सूर्याला सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटर हलवते. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह याच पद्धतीने सापडला होता. अधिक्रमण, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, दिसायची शक्यता मात्र १.४ टक्केच. नशिबाने कक्षा आपल्या रेषेत असली तर दर २२.८ दिवसांनी सव्वादोन तासांहून जरा जास्त वेळ ताऱ्याचं तेज ०.१२ टक्क्याने घटेल. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर ही घट ०.००८४ टक्के. लाल बटूंभोवती शोध का घेतात ते इथे कळतं.

वातावरणात ऑक्सिजन दिसला तरी मी लगेच जीव म्हणणार नाही. खडककाम यांनी सांगितलेल्या भट्टीच्या काळात पाण्याची वाफ फुटून हायड्रोजन निसटतो आणि मागे ऑक्सिजन उरू शकतो. ऑक्सिजनबरोबर मिथेनही हवा. दोन्ही एकत्र टिकायचे तर कुणीतरी सतत पुरवठा करायला हवा. १९९० च्या डिसेंबरमध्ये गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं तेव्हा त्याच्या उपकरणांनी पृथ्वीवर जीव ओळखता येतो का हे तपासलं होतं. तिथे ऑक्सिजन, मिथेन आणि लाल प्रकाशापाशी झाडांमुळे येणारी परावर्तनाची उडी, असे तीन पुरावे मिळाले.

निश्चलावर त्या उडीची जागा वेगळी असेल. पांथी, दबे, बर्फातली बीजं यातलं काहीच आपल्याला कधी दिसणार नाही. दिसलीच तर पडदीची काळी पानं, आणि तीही ग्रहाचा स्वतःचा परावर्तित प्रकाश वेगळा करता आला तर.

मृगशीर्ष

मग पुढचं काम तेच. शेवाळं, पडदीच्या पानाचा परावर्तनाचा आलेख काढाल का? कुठपर्यंत शोषण आणि कुठून परावर्तन?

शेवाळं

काढते. शोषण १००० पर्यंत पूर्ण धरते आणि उडी १०५० ला. पाण्याच्या वाफेचे शोषणपट्टे ९४० आणि ११३० च्या आसपास आहेत. त्यातल्या एखाद्यावर उडी पडली असती तर वाफेत लपून गेली असती. १०५० मधल्या मोकळ्या खिडकीत येते, म्हणजे दिसू शकते. समुद्री वनस्पतींची उडी ७०० च्या जवळ असेल, पण वर पाणी असल्यामुळे फार फिकी. दोन्ही एका आलेखावर टाकते. खडककाम, जमीन आणि समुद्राचं प्रमाण तेवढं सांगा.

खडककाम

उजेडाच्या बाजूला ३० टक्के जमीन धरा.